'मेंड' या शब्दाचे कूळ

रात्रशाळेत इंग्रजी शिकवताना एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, फाटके कपडे शिवण्याला 'मेंड' म्हणतात आणि घटनादुरुस्तीला 'अमेंडमेंट'. हे शब्द एकाच घरातले का?" मी 'असतील' म्हणून वेळ मारून नेली. घरी शब्दकोश उघडला, तर पोरगा बरोबर निघाला.

'मेंड' हा 'अमेंड'चाच तोकडा अवतार. मध्ययुगीन इंग्रजीत पुढचा 'अ' झडून गेला. हा शब्द फ्रेंचमधून आला. त्यामागे लॅटिन 'एमेंदारे'. 'मेंदा' म्हणजे खोट, व्यंग. ती बाहेर काढणे म्हणजे दुरुस्ती. याच घरातला 'अमेंड्स' म्हणजे भरपाई. आजच्या फ्रेंचमध्ये 'आमांद' म्हणजे चक्क दंड! ठिगळ आणि दंड, दोन्ही सख्खे.

पण मी थबकलो तो तिसऱ्या नातलगापाशी. लॅटिन 'मेंदिकुस' म्हणजे भिकारी. त्यावरून इंग्रजी 'मेंडिकंट'. याचेही मूळ बहुतेक अभ्यासक 'मेंदा'तच पाहतात. अंगात व्यंग, म्हणून मागून खाणारा. रोमन भाषेने खोट भिकाऱ्याच्या देहावर टाकली. आपल्या धर्मशास्त्रांनी तर ती जन्मावरच टाकली. राखीव जागांना 'भीक' म्हणणारे सुशिक्षित आजही हेच करतात. खोट घेणाऱ्यात आहे, असे धरूनच ते बोलतात.

पहिल्या घटनादुरुस्तीचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. मद्रास सरकारच्या आदेशाने वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांतील दर 14 जागा जातिसमूहांत वाटल्या जात; अस्पृश्यांच्या वाट्याला त्यांतल्या 2. चंपकम दोराईराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 1951 मध्ये हा आदेश रद्द ठरवला. जूनमध्ये संसदेने घटना दुरुस्त करून 15(4) हे कलम घातले. त्या वेळी कायदामंत्री असलेल्या बाबासाहेबांनी या दुरुस्तीची बाजू संसदेत मांडली. येथे खोट विद्यार्थ्यात नव्हती, कायद्याच्या मजकुरात होती. आणि 'मेंड' झाला तो मजकूर.

दुसऱ्या दिवशी हे सारे फळ्यावर मांडले. तोच विद्यार्थी म्हणाला, "मग 'अमेंड्स'चे कलम कितवे?"

मी सतरावे कलम सांगितले. त्याने अस्पृश्यता नष्ट केली आणि ती पाळणे गुन्हा ठरवले. 1955 च्या कायद्याने त्याला शिक्षा लावली; पण त्यातला दंड जातो सरकारी तिजोरीत. अत्याचार प्रतिबंधाच्या 1995 च्या नियमांनुसार पीडिताला पैसे मिळतात, हेही सांगितले.

"त्याला सरकार काय म्हणते, सर?"

"अर्थसाहाय्य," मी म्हणालो.