ब्रेड बंद केला आणि मुलं बरी झाली: ग्लुटेन-फ्री सँडविचचा इतिहास

आजचा विषय आहे ग्लुटेन-फ्री बेकन सँडविच. ऐकून वाटेल, हे जिमवाल्यांचं नवीन फॅड. पण या सँडविचची गोष्ट लहान मुलांच्या हॉस्पिटलमध्ये सुरू होते, आणि तिथे प्रश्न वजनाचा नव्हता, जिवाचा होता.

सीलिअ‍ॅक या आजारात मुलांचं पोट फुगायचं, जुलाब थांबायचे नाहीत, अंगावर मांस धरायचं नाही. बरीच मुलं दगावायची. १८८८ साली लंडनच्या सॅम्युएल गी यांनी या आजाराचं नीट वर्णन केलं आणि म्हटलं की उपाय असलाच तर तो आहारात असेल. पण आहारात नेमकं काय? १९२४ मध्ये अमेरिकेत सिडनी हास यांनी मुलांना केळी खायला घातली. मुलं सुधारली, आणि सगळं श्रेय केळ्यांना गेलं. आमच्या भाषेत सांगायचं तर बग गेला, पण तो कशामुळे गेला हे कुणाला कळलंच नाही. त्या आहारात ब्रेड बंद होता, खरी गोम तिथे होती.

ती ओळखली विलम डिके यांनी. ते हेगमधल्या युलियाना बालरुग्णालयात डॉक्टर होते. असं सांगतात की १९३०च्या दशकात एका आईने त्यांना सांगितलं, ब्रेड बंद केला की माझं मूल सुधारतं. त्यांनी ते मनावर घेतलं. १९४१ मध्ये त्यांनी ब्रेड नसलेल्या आहाराबद्दल लिहिलंसुद्धा. मग आला १९४४-४५ चा भुकेचा हिवाळा. जर्मनांनी अन्न अडवलं, लोकांनी ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले, हजारो माणसं उपासमारीने गेली. अशा काळात सीलिअ‍ॅकची मुलं मात्र तग धरत होती, कारण ब्रेडच नव्हता! पुष्कळ ठिकाणी हा शोध युद्धामुळे लागला असं सांगतात, पण डिकेंना संशय आधीपासून होता. युद्धाने तो पक्का केला. पुढे त्यांनी मुलांच्या आहारात एकेक धान्य देऊन आणि काढून पाहिलं. १९५० च्या प्रबंधात निष्कर्ष आला: गहू आणि राय घातक, तांदूळ आणि मका चालतो. १९५२ मध्ये बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी गव्हातला नेमका गुन्हेगार दाखवला, तो म्हणजे ग्लुटेन.

आता सँडविचकडे येऊ. बेकन म्हणजे मीठ लावून मुरवलेलं डुकराचं मांस. त्यात मुळात ग्लुटेन नसतं, तरी पाकिटावरचं लेबल वाचाच. सॉसमध्येही गहू किंवा जव लपलेला असू शकतो. खरी अडचण ब्रेडची. ग्लुटेनच्या चिवटपणामुळे पिठात हवा धरून राहते. ते काढलं की ब्रेड भुसभुशीत होतो, म्हणून झँथन गम किंवा इसबगोल घालतात.

माझ्या रूममेटला सीलिअ‍ॅक आहे, त्यामुळे आमच्याकडे दोन तवे आहेत. चपातीच्या तव्यावरचं चिमूटभर पीठही त्याला बाधतं. थंड तव्यात बेकन ठेवायचं आणि मंद आच द्यायची. चरबी सुटली की बेकन कुरकुरीत होतं. त्याच चरबीत ब्रेड परतायचा, वर टोमॅटो, झालं. ब्रेड मिळाला नाही तर ज्वारीची भाकरी आहेच. तिच्यात ग्लुटेन नाही, म्हणून तर आपण ते पीठ गरम पाण्यात मळतो आणि लाटण्याऐवजी थापतो.

तर पुढच्या वेळी कुणी म्हणालं, "मला ग्लुटेन चालत नाही," तर हसण्याआधी आधी विचारा, आजार आहे का? डिकेंनी त्या आईचं म्हणणं ऐकून घेतलं, म्हणून पुढे कितीतरी मुलं वाचली. भेटू पुढच्या भागात!