अवकाशपूरक बहुफलक

एकाच आकाराच्या प्रती एकमेकींना लावून, मध्ये पोकळी न ठेवता, अवकाश संपूर्ण भरता येत असल्यास त्या आकृतीला अवकाशपूरक बहुफलक म्हणतात. पाच नियमित बहुफलकांपैकी हा गुण फक्त घनात आहे. नियमित चतुष्फलकांनीही अवकाश भरतो, असे ॲरिस्टॉटल (इ. स. पू. ३८४–३२२) यांचे मत होते. मात्र चतुष्फलकाचा द्वितल कोन सु. ७०° ३२′ असल्याने एका कडेभोवती पाच चतुष्फलक ठेवले, तर सु. ७° २१′ एवढी फट उरते. ही चूक पंधराव्या शतकात उघड झाली. पुठ्ठ्याचे पाच चतुष्फलक जुळवले असता जी फट डोळ्यांना दिसते, ती ग्रंथप्रामाण्यामुळे सु. अठरा शतके दुर्लक्षित राहिली.

योहानेस केप्लर यांनी हिमकणांवरील १६११ मधील पुस्तिकेत डाळिंबाच्या दाण्यांचे उदाहरण घेतले. काटेवाडी ज्या बारामती तालुक्यात आहे तेथे व शेजारच्या इंदापूर तालुक्यात हे फळ परिचित आहे. सालीच्या आत वाढताना दाणे परस्परांवर दाबले जातात आणि त्यांना समभुज-चौकोनी द्वादशफलकाचे रूप येते, असे त्यांनी दाखविले. या आकृतीची रचना सोपी आहे. एका घनाचे मध्यबिंदूपासून सहा सूचीत विभाजन करून त्या सूची दुसऱ्या समान घनाच्या सहा पृष्ठांवर बसविल्या की ती तयार होते. बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे एकाआड एक घन असे फोडल्यास सर्व अवकाश भरतो. म्हणून तिचे घनफळ मूळ घनाच्या दुप्पट असते.

केवळ सरकवून, पृष्ठास पृष्ठ लावून अवकाश भरणारे बहिर्वक्र बहुफलक पाचच प्रकारचे असतात, हे फेडोरोव्ह यांनी १८८५ मध्ये सिद्ध केले. समांतरषट्फलक, षट्कोणी लोलक, समभुज-चौकोनी द्वादशफलक, दीर्घित द्वादशफलक आणि छिन्न अष्टफलक हे ते होत. समान घनफळाच्या कप्प्यांना कमीत कमी पृष्ठ लागणारी रचना म्हणून लॉर्ड केल्व्हिन यांनी १८८७ मध्ये किंचित वक्र केलेला छिन्न अष्टफलक सुचविला. वीअर व फेलन यांनी १९९३ मध्ये सु. ०·३ टक्के कमी पृष्ठाची रचना शोधली. तीत मात्र दोन प्रकारचे कप्पे आहेत.

प्रतिकृतींसाठी पृष्ठे सपाट उलगडून काढण्याची रीत आल्ब्रेख्ट ड्यूरर यांनी १५२५ मध्ये प्रसिद्ध केली. आता त्रिमितीय मुद्रणयंत्रावरही प्रतिकृती करतात. मुद्रित वस्तू आराखड्याहून किंचित फुगीर येते, म्हणून प्रत्येक पृष्ठ थोडे आत घ्यावे लागते. अन्यथा गणिताने चोख बसणारे तुकडे प्रत्यक्षात जुळत नाहीत.