शिशाच्या ओळीतून आलेलं पानाचं नाव

वर्डप्रेसमध्ये नवं पान उघडलं की मजकुराच्या उजवीकडे सेटिंग्जची पट्टी दिसते. पान कच्चं ठेवायचं की प्रकाशित करायचं, सगळ्यांना दाखवायचं की पासवर्डमागे ठेवायचं, कोणत्या पानाच्या पोटात घालायचं, कोणता साचा लावायचा, हे सगळं तिथे ठरतं. त्याच पट्टीत 'स्लग' नावाची एक चौकट असते. मराठी संस्था, ग्रंथालयं, मासिकं यांच्या संकेतस्थळांवर काम करताना दिसतं, की ही चौकट बहुतेकांनी कधी उघडलेलीच नसते. पानाचा पत्ता मात्र तिच्यातूनच तयार होतो. आणि तिचं कूळ वेबपेक्षा शंभरेक वर्षांनी जुनं आहे.

त्यासाठी न्यूयॉर्कच्या छापखान्यात जावं लागतं. १८८६च्या जुलैमध्ये 'न्यूयॉर्क ट्रिब्यून'च्या छापखान्यात ओटमार मर्गेनथालर या जर्मनीतून आलेल्या, घड्याळजीचं काम शिकलेल्या माणसाचं यंत्र चालू झालं. तोवर जुळारी एकेक खिळा उचलून ओळ जुळवत असे. या यंत्राला कळा होत्या. कळ दाबली की त्या अक्षराचा पितळी साचा घरंगळत खाली येई. साच्यांची ओळ भरली की तिच्यावर वितळलेल्या शिशाचा मिश्रधातू ओतला जाई आणि पूर्ण ओळ एकसंध पट्टी होऊन बाहेर पडे. म्हणून यंत्राचं नाव लायनोटाइप. त्या पट्टीला इंग्रजी छापखान्यात स्लग म्हणत. छपाई झाली की पट्ट्या पुन्हा भट्टीत जात.

वृत्तपत्राच्या कचेरीत हाच शब्द बातमीच्या दफ्तरी नावाला चिकटला. गिरणीला आग लागली असेल, तर बातमीदाराच्या कागदापासून पान लावणाऱ्यापर्यंत ती बातमी 'गिरणी-आग' अशा एखाद्या तोकड्या नावाने फिरायची. संपादक रात्रीतून मथळा चार वेळा बदलतील, मजकूर अर्धा छाटतील. हे नाव बदलायचं नाही. बदललं तर पान लावणाऱ्याला बातमी सापडणार कशी? आजच्या चौकटीचा धर्मही नेमका हाच आहे, आणि तो लक्षात न घेतल्यामुळेच पुढचे घोळ होतात.

लायनोटाइपचा कळफलक ९० कळांचा होता. इंग्रजीला तेवढ्या पुरतात. काने, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरं असलेल्या देवनागरीला कशा पुराव्यात? १९३०च्या दशकात हरि गोविंद गोविल यांनी अमेरिकेत राहून अक्षरांची मोडजोड करत देवनागरी या यंत्राच्या आवाक्यात आणली. यंत्र एका लिपीसाठी घडतं आणि दुसऱ्या लिपीला त्यात अंग चोरून बसावं लागतं. स्लगच्या कुळात ही गोष्ट पुढेही घडली.

१९९०च्या अखेरीला टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत पहिलं वेबपान उभं केलं, तेव्हा पानाला सेटिंग्ज अशी गोष्टच नव्हती. पान म्हणजे संगणकावरची एक फाइल. फाइलीला जे नाव द्याल, ती ज्या फोल्डरमध्ये ठेवाल, तोच तिचा पत्ता. पान लिहिणारा माणूस नाव स्वतः ठेवायचा, कारण नाव दिल्याशिवाय फाइल साठवताच येत नसे.

पानांची संख्या वाढली, मजकूर डेटाबेसच्या तक्त्यांत गेला आणि पत्त्यातून नाव गायब झालं. त्याच्या जागी प्रश्नचिन्ह आणि एक क्रमांक आला. वाचणाऱ्याला त्यातून काही कळत नसे, आणि व्यवस्था बदलली की क्रमांकही बदलत. १९९८ साली बर्नर्स-ली यांनी याच विषयावर एक टिपण लिहिलं. चांगला पत्ता बदलत नाही, आणि पत्ते मोडतात ते तंत्रामुळे नव्हे, माणसांनी विचार न केल्यामुळे मोडतात, असा त्याचा रोख होता. आजही ते वाचावं असं आहे.

तंत्राच्या बाजूने वाट आधीच मोकळी झाली होती. राल्फ एंगेलशाल यांनी एप्रिल १९९६ मध्ये मॉड-रीराइट हा जोडभाग लिहिला आणि पुढच्या वर्षी अपाची सर्व्हरच्या गटाला देऊन टाकला. वाचकाने शब्दांचा पत्ता मागायचा आणि सर्व्हरने तो पडद्याआड डेटाबेसच्या मागणीत बदलायचा, ही सोय त्याने केली. २००० सालाच्या आसपास रोजनिशीसारख्या वेबनोंदींना कायमचा दुवा देण्याची पद्धत रुळली. २००३च्या मे महिन्यात मॅट मलनवेग आणि माइक लिटल यांनी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती काढली. फेब्रुवारी २००५च्या १.५ आवृत्तीत तारखेच्या नोंदींखेरीज स्थिर पानं आली. 'आमच्याविषयी', 'संपर्क' अशी पानं वर्डप्रेसमध्ये करता येतात ती तेव्हापासून.

याच काळात अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स गावाच्या 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या वृत्तपत्रात एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन जँगो ही प्रणाली घडवत होते. ती २००५च्या जुलैमध्ये सर्वांना खुली झाली. तिच्यात पत्त्यातल्या नावासाठी खास रकाना होता, स्लगफील्ड. जँगोच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट म्हटलं आहे, की हा वृत्तपत्रांतला शब्द आहे. शिशाच्या पट्टीपासूनचं नातं असं कागदोपत्री टिकून आहे.

आता आपल्या लिपीकडे येऊ. वेबपत्त्यांचे नियम १९९४च्या डिसेंबरमध्ये पक्के झाले, तेव्हा त्यांत मोजकीच रोमन अक्षरं, अंक आणि थोडी चिन्हं चालत. बाकी काही लिहायचं तर टक्क्याचं चिन्ह आणि त्यापुढे दोन खुणा, अशा गाठी बांधायच्या. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. म्हणजे एका 'क'साठी तीन गाठी, एकूण नऊ खुणा. काना, मात्रा, हलन्त यांचा हिशेब वेगळा. 'कोल्हापूर' लिहायला नऊ चिन्हं लागतात. पत्त्यात त्यांच्या ८१ खुणा होतात. ब्राउझर आपल्याला वरच्या पट्टीत नीट 'कोल्हापूर' दाखवतो. दुवा उचलून व्हॉट्सॲपवर टाकला की टक्क्यांची ती लांबलचक माळ बाहेर पडते, ती यामुळे.

वर्डप्रेस स्लगसाठी २०० खुणांची मर्यादा पाळतो. इंग्रजीत त्यात भलंमोठं वाक्य मावतं. देवनागरीची जेमतेम २२ चिन्हं मावतात. समजा पानाचं शीर्षक आहे, 'ज्येष्ठ नागरिकांसाठी आरोग्य तपासणी शिबिर'. स्लगची चौकट रिकामी ठेवून पान प्रकाशित केलं, तर शीर्षकातूनच स्लग तयार होतो. 'ज्येष्ठ'च्या ६३ खुणा, 'नागरिकांसाठी'च्या १०८, मध्ये दोन जोडरेघा, उरल्या २७. तेवढ्यात 'आरो' बसतं आणि तिथेच पत्ता तुटतो. ज्येष्ठ-नागरिकांसाठी-आरो. शिबिराचा पत्ताच नाही!

जँगोची गत याहून विचित्र. त्याचा स्लग मुळात रोमन अक्षरंच स्वीकारायचा. २०१५च्या डिसेंबरमधल्या १.९ आवृत्तीत इतर लिप्यांना परवानगी मिळाली. पण शीर्षकातून स्लग काढणारा त्याचा भाग पायथन भाषेच्या 'अक्षर कशाला म्हणायचं' या व्याख्येवर चालतो, आणि त्या व्याख्येत काना, मात्रा, उकार, हलन्त बसत नाहीत. परवानगी देऊनही 'कोल्हापूर'चं होतं 'कलहपर'. गोविलांच्या अडचणीची ही नवी आवृत्ती आहे, आणि मला ती मनापासून खटकते. ज्या लिपीत कोट्यवधी माणसं लिहितात, तिच्या मात्रा गाळून टाकाव्यात हे बरोबर नाही.

या भीतीने अनेक मराठी संपादक रोमन स्लगकडे वळतात. छापील निमंत्रणपत्रिकेवर द्यायचा किंवा फोनवर सांगायचा पत्ता असेल, तर तो रोमनमध्ये आणि आखूड असावा, हे मलाही मान्य आहे. बाकी पानांना देवनागरी नाव ठेवायला काहीच हरकत नाही. मराठी विकिपीडियाचे लेख देवनागरी नावांच्याच पत्त्यांवर आहेत. ऑगस्ट २०१४ पासून .भारत हे देवनागरी डोमेनही मिळतं. अट एकच, नाव हाताने लिहायचं. 'आरोग्य-शिबिर' पुरेसं आहे. ११ चिन्हं आणि एक जोडरेघ मिळून १०० खुणा.

दोन गोष्टी मात्र सांभाळायला हव्यात. एक, 'संपर्क' नावाचं छायाचित्र आधीच चढवलेलं असेल, तर 'संपर्क' पानाला वर्डप्रेस मागे दोनचा आकडा जोडतो, कारण पानं आणि चढवलेल्या फाइली नावं वाटून घेतात. प्रकाशित करण्यापूर्वी चौकट पाहिली तर हे तिथेच कळतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. प्रकाशित झालेल्या नोंदीचा स्लग बदलला, तर वर्डप्रेस जुना स्लग लक्षात ठेवतो आणि वाचकाला नव्या पत्त्यावर नेतो. पानांच्या बाबतीत तो अशी नोंद ठेवत नाही. पानाचं नाव बदललंत, तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे नेण्याची व्यवस्था तुम्हालाच लावावी लागते. शीर्षक मात्र हवं तितक्या वेळा बदला. एकदा पान प्रकाशित झालं, की शीर्षक बदलल्याने स्लग बदलत नाही.

तेव्हा मराठी संकेतस्थळं सांभाळणाऱ्या सगळ्यांना एक विनंती. प्रकाशित करण्याचं बटण दाबण्याआधी उजवीकडची ती चौकट उघडा, तिच्यात पानाचं दोन-तीन शब्दांचं नाव स्वतः लिहा, आणि नंतर त्याला हात लावू नका.