रावेरकडील वह्या व अस्थींची साक्ष

रावेर-यावलकडील लेवा व गुजर घराण्यांत पूर्वज गुजराथेंतून आल्याची परंपरा आहे. अशा परंपरेस भाटांच्या वह्यांचा आधार दाखविण्यांत येतो. वहीचें मोल आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु बापामागें बाप इतकेंच ती सांगते. लेकीसुनांची बाजू तींत बहुधा कोरीच. डी. एन. ए. हा मात्र दोन्ही कुळांचा साक्षी असून त्याचा एक अंश केवळ मातेकडूनच येतो.

इ. स. २०१३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें हिंदुस्थानांतील बहुतेक समाजांचा दोन प्राचीन मूळगटांपासून झालेला संकर सुमारें ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीचा ठरविला. कडक बेटीबंदी त्यानंतरची. तेव्हां वहींतला मूळपुरुष घेतला तरी तो मिश्र रक्ताचाच. शुद्ध कुळीच्या अभिमान्यांस हें रुचो वा न रुचो!

अस्थींची साक्ष दुर्मिळ खरी. उष्णतेनें डी. एन. ए. लवकर नासतो. डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांनीं उत्खनन केलेल्या राखीगढीच्या ६१ नमुन्यांपैकीं एका स्त्रीचाच वाचतां आला (इ. स. २०१९).

खानदेशांत गिरणेकांठीं, बहाळासमोर टेकवाडें येथें, ताम्रपाषाणयुगीन दफनें निघालीं आहेत. नांगराखालीं असा रांजण लागला कीं आमचे संग्राहक मित्र प्रथम तो धुऊन काढितात. तसें करूं नये. उघडा हात लागतांच अस्थींत संग्राहकाचाच डी. एन. ए. मिसळतो. कानाच्या आंतील कठीण हाड तर मुळींच हलवूं नये. साक्ष टिकली तर बहुधा तेथेंच टिकते. जागा टिपून पुरातत्त्व खात्यास कळवावें.