जोडनौकांच्या वेगाची तुलना : एक ऐतिहासिक टिपण

शर्यतीच्या लहान जोडनौकांची चर्चा करताना ‘अधिक वेगवान कोणती ?’ असा प्रश्न प्रथम विचारला जातो. इतिहास पाहता, तुलनेत समान काय धरावयाचे, हा आधीचा प्रश्नच अधिक निर्णायक ठरलेला दिसतो.

‘कॅटमरान’ हा शब्द तमिळ ‘कट्टुमरम्’, म्हणजे बांधलेली लाकडे, यापासून आला. मूळ वस्तू ओंडक्यांचा तराफा होय. जोडलेल्या दोन होड्या नव्हेत. रचनेच्या दृष्टीने आपल्या कोकणातील उलांडीची होडीच जोडनौकेस अधिक जवळची आहे. आडव्या दांड्यांवर बांधलेले लाकूड तिला स्थिरता देते. मात्र ते एकाच बाजूस असल्याने वारा कोणीकडून येतो यावर तिचे वर्तन बदलते. जोडनौकेत हा भेद उरत नाही. रुंदीमुळेच ती कलंडण्यास विरोध करते. त्यामुळे तळभाराची गरज पडत नाही.

१६६३ मध्ये विल्यम पेटी याच्या जोडनौकेने डब्लिन-होलीहेड शर्यतीत राजाच्या टपालनौकेस सुमारे पंधरा तासांनी मागे टाकल्याची नोंद सॅम्युअल पेपीसच्या दैनंदिनीत आहे. त्याची पुढील मोठी नौका ‘एक्सपेरिमेंट’ वादळात बुडाली आणि वेगाचा मुद्दा सुरक्षिततेच्या मुद्द्याखाली दडपला गेला. १८७६ मध्ये न्यूयॉर्क येथे नॅथनेल हेरेशॉफ याच्या ‘अमॅरिलिस’ने प्रतिस्पर्धी नौकांना सहज हरविले, तेव्हा तर तिलाच अपात्र ठरविण्यात आले. नियम एका कायेच्या नौकांसाठी रचलेले होते. जिंकणारी वस्तू त्यांत बसेना, म्हणून वस्तूच बाहेर गेली. हा निर्णय तांत्रिक म्हणण्यापेक्षा सामाजिक होता, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

१९६७ मध्ये इंग्लंडमधील शेपी बेटाजवळ झालेल्या निवड-चाचण्यांत दृष्टी पालटली होती. ‘बी’ वर्गासाठी लांबी २० फूट, रुंदी १० फूट आणि शिडाचे क्षेत्र २३५ चौरस फूट एवढ्या मर्यादा ठरवून बाकीचे आराखडाकारांवर सोपविलेले होते. रॉडनी मार्च याची ‘टॉर्नॅडो’ निवडली गेली आणि १९७६ ते २००८ पर्यंत ती ऑलिंपिकमध्ये राहिली. ‘होबी १६’ ही १९७० च्या सुमाराची कॅलिफोर्नियातील नौका या कसोटीवर उणी ठरेल. तथापि तिच्या असमांग काया आडवी घसरण रोखतात, खाली सोडावयाच्या फळ्या लागत नाहीत, आणि ती थेट वाळूवर चढविता येते. तिच्या प्रसारात या सोयीचा वाटा मोठा आहे.

भिन्न आराखड्यांच्या नौका एकत्र उतरवावयाच्या, तर गुणांकाची गरज पडते. टेक्सेल पद्धतीत लांबीचा घातांक ०·३, शिडाचा ०·४ आणि वजनाचा ०·३२५ (भाजकात) धरला जातो. म्हणजे शीड दहा टक्क्यांनी वाढविल्यास वेग सुमारे चार टक्के वाढतो, वजन तितकेच वाढल्यास सुमारे तीन टक्के घटतो. येथे लाटांना स्थान नाही. पोर्ट्समथ पद्धती उलट प्रत्यक्ष शर्यतींच्या निकालांवरून अंक काढते. त्यात पाण्याचा स्वभाव आपोआप शिरतो. नाशिकच्या गंगापूर रोडने पश्चिमेस गेल्यावर लागणाऱ्या धरणाच्या बंदिस्त जलाशयात आणि मालवणच्या उघड्या समुद्रात त्याच दोन नौकांना या रीतीने एकच अंक मिळेल, असे गृहीत धरता येत नाही.