गोळीचा साचा आणि रायफलीची नळी

मोदकाच्या साच्याचे दोन भाग नीट जुळले नाहींत, तर कडेला पिठाची बारीक झालर राहते. ती बोटानें काढली कीं काम भागतें. शिशाच्या गोळीच्या साच्यांत एवढीहि चूक खपत नाहीं. अमेरिकेंतील रायफलीचा इतिहास पाहिला, तर नळीइतकेंच महत्त्व या वीतभर सांडशीसारख्या अवजारास होतें, असें दिसून येतें.

अठराव्या शतकांत पेनसिल्व्हानियांत, विशेषतः लँकेस्टरच्या आसपास, जर्मनीहून येऊन स्थायिक झालेल्या कारागिरांनीं लांब नळीची रायफल घडविली. तिचें भोंक मुद्दाम लहान ठेवलें जाई. रानांत हिंडणाऱ्या शिकाऱ्यास दारू आणि शिसें पाठीवरूनच न्यावें लागे. फौजी मस्केटची ६९ शतांश इंच व्यासाची गोळी घेतली, तर एका रत्तल शिशांत तशा १४च होतात; ४५ शतांश इंचाच्या मात्र ५० भरतात. हाच त्या लहान भोंकामागील हिशेब.

परंतु या नळ्या हातानें घडविलेल्या. एकीचें माप दुसरीस लागू नसे. म्हणून कारागीर रायफलीबरोबर तिच्याच मापाचा साचा करून देई. चरबी लावलेल्या कापडाच्या तुकड्यांत गुंडाळलेली गोळी नळींत घट्ट बसली, तरच नळींतील पिळाच्या खांचा तिला फिरवीत. गोळी मोठी झाली तर ती आंत उतरेना, लहान झाली तर नेम लागेना. साचा हरवला म्हणजे रायफल असून नसल्यासारखी. नळी झिजल्यावर खांचा पुन्हां कोरीत, आणि साचाहि नवा करीत.

मस्केटचें तसें नव्हतें. तिची गोळी सैलच असे, म्हणून ती कोणीहि घाऊक ओतावी. ९ जुलै १७७६ रोजीं न्यूयॉर्कच्या लोकांनीं तिसऱ्या जॉर्ज राजाचा शिशाचा अश्वारूढ पुतळा पाडला. त्याचें बरेंचसें शिसें कनेक्टिकटमधील लिचफील्ड येथें ऑलिव्हर वूलकॉट यांच्या घरीं पोंचलें. तेथें घरच्या व शेजारच्या स्त्रियामुलांनीं त्याच्या ४२,०८८ गोळ्या पाडल्या. राजाची मूर्ति राजाच्याच फौजेवर उलटली!

पुढें यंत्रयुग आलें. नळ्या कारखान्यांत ठराविक मापाच्या निघूं लागल्या, आणि साचाहि बाजारांत मिळूं लागला. १८८२ सालीं विंचेस्टरचें ३२-२० हें लहान काडतूस निघालें. १८८४ सालीं जॉन बार्लो यांनीं न्यू हेवन येथें 'आयडियल' कारखाना काढला. त्याच्या साच्यांना क्रमांक असत. गिऱ्हाइकानें यादींतून क्रमांक निवडावा, कीं झालें. १९२५ सालीं तो धंदा लायमन कंपनीकडे गेला.

हे जुने साचे आजहि शौकीन लोक शोधून घेतात. त्यांतले जाणते प्रथम साच्यावरील शिक्का पाहात नाहींत. ते मऊ शिशाचा तुकडा नळींतून ढकलून नळीचें खरें माप घेतात. मग साचा मिटून उजेडासमोर धरतात. दोन भागांतून प्रकाश दिसला, किंवा आंत गंजाचे खड्डे आढळले, तर कितीहि नामांकित साचा असो, तो परत करितात. दीडशें वर्षें यंत्रें सुधारलीं, तरी पेनसिल्व्हानियाच्या कारागिराचा नियम बदललेला नाहीं: साचा नांवावरून नव्हे, नळीवरून निवडावा.