कलावंताचे पहिले वेतन

नवा धंदा उदयास आला म्हणजे त्यात शिरू पाहणाऱ्या कलावंताने किती वेतनाची अपेक्षा धरावी, हा प्रश्न पुणे शहराला अपरिचित नाही. व्हिडिओ खेळांसाठी चित्रे रेखाटणारा, खेळातील पात्रांना रूप देणारा तरुण चित्रकार आज हाच प्रश्न विचारीत असतो. गेमलॉफ्ट कंपनीचा पुण्यातील स्टुडिओ २००८ साली युबीसॉफ्ट कंपनीने विकत घेतला. म्हणजे हा धंदाही आता येथे अगदी काल आलेला राहिलेला नाही. परंतु ह्या तरुणाचे पूर्वज ह्याच शहरात प्रथम नाटक मंडळीच्या आणि नंतर बोलपटाच्या दारात उभे राहिले होते. त्यांना काय मिळाले, ह्याचा इतिहास बोधप्रद आहे.

१८८० सालच्या ३१ ऑक्टोबरला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. मंडळीतील नटाचे वेतन केवळ रुपयांत मोजण्यासारखे नव्हते. बिऱ्हाड मंडळीचे, पंगत मंडळीची, गावोगावचा प्रवास मंडळीच्या खर्चाने आणि गाण्याची तालीमही मंडळीतच. त्यावर हातात पडेल ती रोकड. ह्या व्यवस्थेत पोटाची चिंता नव्हती, पण स्वातंत्र्यही बेताचेच होते. ज्याच्या नावावर नाट्यगृह भरे, त्याला आपल्या नावाची किंमत कळली म्हणजे एकच वाट उरे : स्वतः मालक होणे. १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत दाखल झालेले बालगंधर्व १९१३ साली गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस ह्यांच्यासह बाहेर पडले व गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली, ती ह्याच रीतीने.

त्याच वर्षी मुंबईस दादासाहेब फाळके ह्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रकाशित झाला. चित्रपट हा धंदा आहे, हेच तेव्हा लोकांस ठाऊक नव्हते. काम करणाऱ्या मंडळींनी कोणी विचारल्यास आपण हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरीस आहो असे सांगावे, अशी तोड फाळक्यांनी काढली होती. तारामतीच्या भूमिकेसाठी एकही स्त्री मिळेना. अखेर ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात दरमहा १० रुपयांवर स्वयंपाक करणारे अण्णा साळुंके त्यांच्या दृष्टीस पडले आणि १५ रुपये देऊ करून फाळक्यांनी त्यांस आणले. पुढे १९१७ सालच्या ‘लंकादहना’त राम व सीता ह्या दोन्ही भूमिका ह्याच साळुंक्यांनी केल्या. ह्या १५ रुपयांचा हिशेब लक्षात घेण्याजोगा आहे. नव्या धंद्याला स्वतःचा बाजारभाव नसतो. म्हणून पहिले वेतन कलेच्या मोलावरून ठरत नाही. कलावंत जी नोकरी सोडून येतो तिच्यावर थोडी भर घालून ते ठरते.

धंदा स्थिरावला म्हणजे हिशेब पालटतो. कोल्हापुरास बाबूराव पेंटर ह्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत उमेदवारी केलेले दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर ह्यांनी सीतारामपंत कुलकर्णी ह्यांच्या भांडवलाच्या आधाराने १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी काढली. ती १९३३ साली पुण्यास आली. येथे नाटक मंडळीची पंगत मागे पडली आणि कारखान्याची शिस्त आली. सुतार, रंगारी, गायक, नट सर्वच पगारी. तारकाही मासिक वेतनावर आणि कराराने बांधलेली. ‘संत तुकाराम’ १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला, त्यामागे ह्या शिस्तीचे बळ होते हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु त्याच शिस्तीची दुसरी बाजू १९३९ सालच्या जुलै महिन्यात पुणेकरांनी पाहिली. ‘कुंकू’ चित्रपटातील नीरेच्या भूमिकेने घरोघरी पोचलेल्या शांता आपटे ह्या करार व वेतन ह्यांवरून उद्भवलेल्या तंट्यात प्रभातच्या प्रवेशद्वारी उपोषणास बसल्या. १९१२ साली साळुंक्यांना कोणी करारपत्र दाखविले असेल, हे संभवनीय नाही; २७ वर्षांनंतर करारातील कलमे हाच वादाचा विषय झाला होता. पुढील वर्षी, १९४० साली, बाईंचे ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. चित्रपटाच्या दारात उभ्या असलेल्या नवख्या माणसाचाच प्रश्न त्यांनी शीर्षकास घेतला आणि त्याचे उत्तर केवळ रुपयांच्या आकड्यात न शोधता कलावंताचे श्रम, त्याचा थकवा आणि भांडवलाशी त्याचे नाते ह्यांत शोधले. पडद्यावर अन्यायापुढे मान न तुकविणारी नीरा पडद्याबाहेरही आपला सवाल घेऊन उभी राहिली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

शांताराम १९४२ साली प्रभातमधून बाहेर पडले, १९५३ साली कंपनी बंद पडली आणि १९६० साली त्याच आवारात सरकारी चित्रपट संस्था उभी राहिली. धंदे येतात, जातात. प्रश्न मात्र कायम राहतो. २०२४ सालच्या जुलै महिन्यात अमेरिकेतील नटांच्या संघाने व्हिडिओ खेळांच्या कंपन्यांविरुद्ध संप पुकारला, तो जवळजवळ वर्षभर चालला. त्यातील मुख्य वाद केवळ वेतनवाढीचा नव्हता; नटाचा आवाज व हालचाली ह्यांची यंत्राने प्रतिकृती केल्यास तिच्यावर अधिकार कोणाचा, हा होता.

तेव्हा ह्या नव्या धंद्यात पाऊल टाकणाऱ्या चित्रकाराने पहिल्या वेतनाचा आकडा अवश्य विचारावा, कारण रिकाम्या पोटी कला फुलत नाही. पण एवढ्यावर थांबू नये. त्या आकड्याच्या मोबदल्यात दिवसाचे किती तास द्यावयाचे, केलेल्या कामावर आपले नाव राहणार की नाही आणि उद्या दुसरीकडे जाण्याची मोकळीक आहे की नाही, हेही तितक्याच निर्भयपणे विचारावे. साळुंक्यांचे १५ रुपये ही त्या काळची प्रारंभीची पायरी होती. तिच्या पुढची पायरी प्रभातच्या दारात एका गायिकेने उपाशी बसून दाखविली आहे. ती विसरणे पुण्याला तरी शोभणार नाही.